कीर्दीपासून ई-वे बिलापर्यंत

अमरावती रस्त्याने नागपूर सोडले की वाडी लागते. ट्रान्सपोर्टची कार्यालये, गोदामे आणि रांगेने उभे असलेले ट्रक ही तिची ओळख. माझी पहिली नोकरी तिथेच, बिल्ट्या लिहिण्याची. 'बी.कॉम. झाल्यावर पुढे काय?' असे विद्यार्थी विचारतात, तेव्हा मला तिथले मुनीमजी आठवतात.

एकदा मार्चअखेरीस तेरीज जुळेना. फरक 27 रुपयांचा. मी रात्रभर वह्या चाळल्या. सकाळी मुनीमजी म्हणाले, "बाबू, फरकाला नऊने भाग जातो का, ते पाहून घे. जात असेल तर कुठेतरी आकडे उलटे पडले असतील." खरोखरच 85 च्या जागी मी 58 मांडले होते!

ही विद्या आपल्याकडे जुनी आहे. शिवकाळात मुजुमदार म्हणजे अमात्य हिशेब पाहत. पेशवाईतील नाना फडणवीस ज्या पदाच्या नावाने ओळखले जातात, ते पदही हिशेबाचेच. पेशव्यांच्या रोजकीर्दीतून गणेश चिमणाजी वाड यांनी निवडलेले उतारे आज इतिहासाचे साधन ठरले आहेत. कारकुनाने त्या दिवशी केलेली खरी नोंद पुढे अशी साक्षीला उभी राहते. दुनोंदी पद्धत मात्र युरोपातून आली. लुका पाचोली याने 1494 साली व्हेनिसमध्ये ती छापून प्रसिद्ध केली. आपल्याकडे मुंबईत 1913 मध्ये सिडनहॅम कॉलेज निघाले आणि 1 जुलै 1949 रोजी सनदी लेखापालांची संस्था स्थापन झाली. मुनीमजींच्या पेढीवरचे ज्ञान असे पदवीच्या चौकटीत आले.

नागपुरात माल न्यायचा तर पूर्वी महापालिकेची जकात भरावी लागे. जकातीचे कागद तयार करण्यावर अनेकांची पोटे चालत. 1 एप्रिल 2013 पासून जकातीच्या जागी स्थानिक संस्था कर आला. 2015 मध्ये बहुतेक व्यापाऱ्यांची त्यातूनही सुटका झाली. 1 जुलै 2017 रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला आणि पुढच्या वर्षी ई-वे बिल आले. पाच वर्षांत तीनदा कागद बदलला. ज्यांना फक्त फॉर्म भरता येत होता, त्यांच्या हातचे काम गेले. ज्यांना नावे कशाला आणि जमा कशाला हे कळत होते, ते नवा फॉर्म आठवड्यात शिकले.

म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगतो, वाटा पुष्कळ आहेत. सनदी लेखापाल व्हा. 2023 च्या नव्या योजनेत उमेदवारी तीनऐवजी दोन वर्षांची झाली आहे. कारखान्यांची आवड असेल तर परिव्यय लेखापाल व्हा. सहकारी संस्थांच्या लेखापरीक्षणाकडे जायचे तर राज्याच्या सहकार खात्याची जी.डी.सी. अँड ए. परीक्षा आहे. घरची परिस्थिती बेताची असेल तर ट्रान्सपोर्टच्या कार्यालयात नोकरी धरा आणि जोडीने परीक्षा द्या. त्यात कमीपणा नाही.

टॅली शिकाच, पण आधी एक महिना हाताने कीर्द-खतावणी लिहा. संगणक बेरीज चुकत नाही. मात्र 85 च्या जागी तुम्ही 58 टाकले, तर तो 58 चीच बेरीज करतो.

(नभोवाणी भाषणाचा संपादित भाग)