माळवदावरची पुस्तके

आमच्या घरी नाथमाधवांच्या 'वीरधवल' या कादंबरीची एक जुनी प्रत आहे. पुठ्ठा गेलेला, सुरुवातीची आठ पाने नाहीत, आणि अगदी शेवटच्या कोऱ्या पानावर शिसपेन्सिलीने उर्दूत दोन ओळी लिहिलेल्या. अक्षर माझ्या वडिलांचे. ते हयात होते तोवर त्या ओळी त्यांच्याकडून वाचून घ्याव्यात असे मला कधी सुचले नाही, आणि मला स्वतःला उर्दू वाचता येत नाही. सगळा जन्म नांदेडात काढलेल्या माणसाने हे कबूल करताना थोडे ओशाळायला होते. पण त्या ओळींकडे मागाहून येऊ. आधी ज्या काळातले हे पुस्तक, त्या काळाविषयी चार शब्द सांगतो. कारण आमच्या भागात मराठी वाचनाचा इतिहास हा बराचसा उन्हाळ्याच्या सुट्टीचा इतिहास आहे.

पुण्या-मुंबईच्या वाचकाला हे चमत्कारिक वाटेल. त्याच्या आजोबांना मराठी शाळेतच भेटली. आमच्याकडची गोष्ट निराळी. १९४८ सालच्या सप्टेंबरपर्यंत नांदेड हा निजामाच्या हैदराबाद संस्थानातला एक जिल्हा होता आणि लातूर हा उस्मानाबाद जिल्ह्यातला एक तालुका. राज्यकारभार उर्दूत चाले. १९१८ साली हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ निघाले, ते उर्दू माध्यमाचे. इंग्रजीचा आधार न घेता एका देशी भाषेतून थेट वैद्यकापर्यंतचे उच्च शिक्षण देण्याचा तो प्रयोग मोठा होता, आणि त्याचे श्रेय त्याला दिलेच पाहिजे. मात्र ती देशी भाषा आमची नव्हती. सरकारी हायस्कुलातल्या मराठी मुलाने त्रिकोणाचे सिद्धांत उर्दूत पाठ करायचे, भूगोल उर्दूत लिहायचा, आणि मराठी हा तासापुरता एक विषय. हजेरीपटावर महिन्यांची नावे आजूर, दै, बहमन अशी इराणी आणि सन फसली. औरंगाबादला १९१५ साली निघालेली सरस्वती भुवन किंवा १९२१ सालची हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा अशा काही संस्थांनी वेगळी वाट धरली होती. पण त्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. शिवाय 'गश्ती निशाण त्रेपन्न' नावाचे फर्मान होते. त्याप्रमाणे साधी सभा भरवायची तरी आधी सरकारची परवानगी लागे. त्यामुळे गावात चार जणांनी जमून पुस्तकांविषयी बोलावे, हीदेखील निर्वेध गोष्ट नव्हती.

उरला उन्हाळा. शाळा बंद झाली की उर्दूची पुस्तके कोनाड्यात जात आणि मराठी बाहेर निघे. वडील म्हणत, "आमचे दहा महिने सरकारचे आणि दोन महिने आमचे." परीक्षेला ज्याचा काडीइतका उपयोग नाही असे वाचणे म्हणजेच त्यांच्या दृष्टीने मराठी वाचणे. मौजेसाठी वाचन आणि मातृभाषेतले वाचन या दोन गोष्टी त्यांच्या मनात कधी वेगळ्या झाल्याच नाहीत. उर्दूचा त्यांना राग होता असे मात्र नाही. गालिबचा शेर त्यांच्या तोंडी सहज येई, आणि म्हातारपणीसुद्धा मराठी मासिक हाती आले की ते मागच्या बाजूने उघडत. हाताला लागलेले वळण ते.

पुस्तके यायची कोठून? या प्रश्नाचे उत्तर आगगाडीत आहे. नांदेडला १९०० च्या सुमारास मनमाडहून सिकंदराबादेकडे जाणारी मीटर गेज आली. तिच्यामुळे मनमाडमार्गे मुंबईकडचे छापील जग जवळ आले. लातूरची कथा याहून गमतीची. तिथे १९११ साली पोहोचली ती बार्शी लाईट रेल्वे, अडीच फूट रुंदीच्या रुळांवरून कुर्डुवाडी-बार्शी करीत येणारी इवलीशी गाडी. बार्शी इंग्रजी मुलखात, लातूर मोगलाईत. माझे आईकडचे आजोबा लातूरच्या गंजात एका आडतीवर मुनीम होते. पेठेचा माल गाडीने बार्शीकडे जाई आणि येताना ओळखीचा कोणी चार पुस्तके घेऊन येई. किंमत पुण्याची, म्हणजे कलदार रुपयांत; आमच्या हातात हाली शिक्का. सहा कलदारांना सात हाली मोजावे लागत, म्हणजे एकच कादंबरी बार्शीत स्वस्त आणि लातुरात महाग. आजोबा मुनीमच असल्याने वहीत हा फरक ते वेगळा लिहीत. ती वही मी पाहिली आहे. तेलाच्या डब्यांच्या हिशेबाखाली 'पुस्तक १, वटाव' अशी नोंद.

वाचायची जागा म्हणजे माळवद. आमच्याकडे घरांना उतरती छपरे नव्हती. लाकडी खणांवर माती चोपून केलेले सपाट छप्पर, ते माळवद. दुपारी खाली अंधाऱ्या खोलीत भिंतीला पाठ लावून वाचायचे आणि ऊन कलले की वर जायचे. सकाळच्या वेळी तर वाचणाऱ्या पोराला कामही मिळे. माळवदावर कुरडया, पापड, सांडगे वाळत घातलेले असत. कावळे राखायला कोणीतरी हवे, आणि पुस्तक दिले की पोर जागचे हलत नाही हे घरातल्या बायकांनी ओळखले होते. एवढेच की गोष्ट रंगली म्हणजे कावळ्यांचेही फावे.

बायकांचे सांगायचे तर ते प्रकरण पुरुषांहून अधिक खोल आहे. माझी थोरली मावशी चौथीपर्यंत शिकलेली. लग्न होऊन मोठ्या खटल्याच्या घरी गेली. तिथे सुनेने पुस्तक हातात धरावे अशी सोय नव्हती; कोणी बंदी केली होती असेही नाही, पण अकरा माणसांचा स्वयंपाक आटोपल्यावर दिव्याच्या तेलाचा प्रश्न येई. अक्षयतृतीयेच्या आसपास ती माहेरी लातूरला येई, आणि आल्या दिवशी संध्याकाळी पदर खोचून आधी पेटीतले पुस्तक काढी. खांडेकरांची 'ययाति' १९५९ साली निघाली. मावशीने ती तीन उन्हाळ्यांत पुरी केली. जाताना जिथे थांबली तिथे वाळ्याची काडी घालून ठेवी, आणि त्या पुस्तकाला वर्षभर कोणी हात लावायचा नाही असा आजीचा दंडक होता. मधल्या अकरा महिन्यांत शर्मिष्ठेचे पुढे काय होईल याचा ती सासरी चुलीपुढे विचार करीत असे, असे तिनेच मला सांगितले. आपण एका बैठकीत पुस्तक संपवून फुशारकी मारतो. पण तीन वर्षे एक कादंबरी मनात वागवणारी वाचक लेखकाला किती मिळत असतील?

मधे १९४८ चा उन्हाळा येऊन गेला. त्याला सुट्टी म्हणायचे की काय, मला कळत नाही. कित्येक विद्यार्थी शाळा-कॉलेजे सोडून स्टेट काँग्रेसच्या लढ्यात उतरले होते आणि रझाकारांच्या धाकाने सरहद्दीजवळची कुटुंबे संस्थानाबाहेर निघाली होती. लातूर-उस्मानाबादकडची बार्शी-सोलापूरच्या बाजूला, आमच्याकडची पैनगंगा ओलांडून वऱ्हाडात. वडिलांचे घर उमरखेडला गेले. निघताना पितळेची भांडी विहिरीत सोडली आणि पुस्तके बळदात, ज्वारीखाली पुरली. १३ सप्टेंबरला पोलीस कारवाई सुरू झाली, १७ ला संस्थानाने शरणागती दिली, आणि दिवाळीच्या सुमारास मंडळी परतली. ज्वारी कोणी नेली होती, भांडी विहिरीत शाबूत होती. 'वीरधवल'ची पहिली आठ पाने उंदरांनी खाल्ली होती.

पुढचा काळ भराभर बदलला. शाळा मराठी झाल्या. १९५० साली नांदेडला पीपल्स कॉलेज निघाले. त्यामागे स्वामी रामानंद तीर्थांची प्रेरणा होती. १९५२ पासून 'चांदोबा' मराठीत येऊ लागला. १९५५ साली हैदराबाद राज्याने सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. मराठवाडा महाराष्ट्रात आल्यावर १९६७ साली महाराष्ट्राचा कायदा झाला. आमच्या बालपणी गल्लीत भाड्याने पुस्तके देणारे एक दुकान होते. बाबुराव अर्नाळकरांचा झुंजार दिवसाला पाच पैसे भाड्याने मिळे, आणि दोन भावंडांनी मिळून एका दिवसात तिघांचे वाचून होत असे. तिसरा शेजारचा, तो खिडकीतून उरलेली पाने मागे. मराठी आता चोरून आणावी लागत नव्हती, कलदारात मोजावी लागत नव्हती. सुट्टी मात्र अजून सुट्टीच होती. गोदावरीच्या आटलेल्या पात्रात टरबुजांचे वाडे पडत, आणि एक टरबूज, एक पुस्तक व घाटावरची सावली एवढ्यावर आमची दुपार सुखात जाई.

त्याच सुमाराची एक गोष्ट इथे सांगितल्यावाचून राहवत नाही. १९६८ साली रणजित देसाई यांची 'श्रीमान योगी' निघाली. महाराष्ट्रातल्या हजारो घरांत ती सुट्टीत वाचली गेली. तिच्या आरंभी जी लांबलचक प्रस्तावना आहे, ती मुळात देसाईंना लिहिलेले पत्र आहे आणि ते लिहिणारे नरहर कुरुंदकर आमच्या नांदेडचे मास्तर. १९३२ साली नांदापूरला जन्मलेले, हैदराबादेत शिकलेले, इंटरच्या परीक्षेत वारंवार नापास झालेले, आणि पुढे पीपल्स कॉलेजचे प्राचार्य झालेले. परीक्षेच्या बाहेरचे इतके वाचले की परीक्षा मागे राहिली, असे त्यांच्याविषयी आमच्याकडे कौतुकाने बोलले जाई. निलंग्याला १९१० साली जन्मलेले सेतुमाधवराव पगडी यांचेही तसेच नाव घ्यावे लागेल. उस्मानियाच्या उर्दू वातावरणात वाढून त्यांनी मराठ्यांच्या इतिहासाची फारसी साधने मराठीत आणली. दोन्ही लिपी सांभाळणारी ती माणसे. आमची पिढी मराठीत शिकली आणि दुसरी लिपी हातची गेली.

आता लातूरकडे पुन्हा यायचे तर, १९८२ साली तो जिल्हा झाला आणि थोड्याच वर्षांत 'लातूर पॅटर्न' हा शब्द राज्यभर पोहोचला. बोर्डाच्या गुणवत्ता यादीत लातूरची मुले झळकू लागली. दुष्काळी मुलखातल्या शेतकऱ्याचा मुलगा डॉक्टर झाला, ही गोष्ट लहान नव्हे. तिची टवाळी करणाऱ्यांत मी नाही. पण या पॅटर्नने पहिला घास घेतला तो उन्हाळ्याचा. दहावीचा शेवटचा पेपर झाला की आठवड्याच्या आत अकरावीचा क्लास. वडिलांचे दहा महिने सरकारचे होते. माझ्या नातीचे बाराही महिने क्लासचे आहेत. नांदेडातही आज तेच.

२०१६ च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. १२ एप्रिलला पहिली गाडी पाच लाख लिटर घेऊन आली. मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, लातूर: रूळ आता रुंद झाले होते, पण वाट तीच जुन्या बार्शी लाईटची. मी त्या दिवसांत लातूरलाच होतो. घागरींच्या रांगेत उभ्या असलेल्या एका मुलीच्या हातात पुस्तक दिसले. मोठ्या आशेने वाकून पाहिले, तर जीवशास्त्राची प्रश्नपेढी. सहा वर्षांनी, २०२२ च्या एप्रिलातच, त्याच जिल्ह्यात उदगीरला पंचाण्णवावे मराठी साहित्य संमेलन भरले. वैशाखाच्या तोंडावर, मांडवात घाम पुसत, लोक पुस्तकांच्या दुकानांपुढे उभे होते. त्यांत डोक्याला पंचा गुंडाळलेले शेतकरी पुष्कळ होते.

यंदाच्या मे महिन्यात नात आठ दिवस नांदेडला आली. क्लासला तेवढीच सुट्टी होती. तिसऱ्या दिवशी तिने कपाटातून 'वीरधवल' काढले. पहिली आठ पाने नाहीत म्हणून आधी कुरकुरली, मग नवव्या पानापासून वाचू लागली आणि जेवायला हाका माराव्या लागल्या. मागच्या पानावरची अक्षरे तिनेच मला दाखवली. "आजोबा, हे काय लिहिलंय?" मला सांगता येईना. शेवटी आम्ही दोघे पुस्तक घेऊन आमच्या गल्लीतल्या, उर्दू शाळेतून निवृत्त झालेल्या गुरुजींकडे गेलो. त्यांनी चष्मा लावला, पान उजेडाकडे धरले आणि वाचून दाखवले. पहिल्या ओळीत एवढेच होते की शाळा उघडण्याआधी पुस्तक परत करायचे आहे. दुसरीत महिना आणि सन: अमरदाद, १३५५ फसली. गुरुजींनी बोटांवर हिशेब केला. १९४६ चा जून.

कोणाला परत करायचे, त्याचे नाव लिहिलेले नव्हते. पुस्तकावर दुसरे नाव, शिक्का काही नाही. असलेच तर ते त्या आठ पानांत असणार. मी जरा गप्प झालो. नात म्हणाली, "मग माझं वाचून झाल्यावर बघू." तिचा क्लास सोमवारी उघडणार होता. अजून दीडशे पाने राहिली होती, आणि त्या दिवशी शुक्रवार होता.