धाराऊची नेमणूक

गुजरातेतील आपल्या जुन्या मराठी घराण्यांत एखादी सनद, एखादा नेमणुकीचा कागद, निदान त्याची आठवण तरी जपून ठेवलेली असते. पिलाजीराव गायकवाडांनी १७१९ च्या सुमारास सोनगडास ठाणे केले, तेव्हापासून इकडे येत गेलेली मराठी माणसे बहुतेक चाकरीनिमित्त आली. कोणी शिलेदार म्हणून आला, कोणी कारकून, कोणी वैद्य, तर कोणी पुराणिक. वेतन किती, ते कोणत्या महिन्यापासून आणि कोणत्या खात्यातून, हे कागदावर उतरवून घेण्याची दक्षता आपल्या पूर्वजांनी घेतली. त्याचा आपल्याला अभिमान वाटतो आणि तो रास्तही आहे. परंतु त्याच घरांत राहून ज्या बायकांनी आपल्या पिढ्यांमागून पिढ्या अंगाखांद्यावर वाढविल्या, त्यांचा कागद कोणाच्या पेटीत आहे? आपल्यापैकी अनेकांना आपल्या 'बाई'चे आडनावही सांगता येणार नाही.

हा प्रश्न आपल्या इतिहासाला नवा नाही. संभाजीराजांचा जन्म १४ मे १६५७ रोजी पुरंदरावर झाला. सईबाईंची प्रकृती नाजूक असल्यामुळे कापूरहोळच्या गाडे घराण्यातील धाराऊने बाळराजांना आपले दूध पाजले. १६५९ मध्ये सईबाई निवर्तल्या. धाराऊला सालिना होनांची नेमणूक बांधून दिली होती आणि तिचे पुत्र पुढे संभाजीराजांच्या सेवेत होते, असे परंपरा सांगते. धाराऊचा उल्लेख आपण मातेसमान म्हणून करतो. तथापि तिला माता मानले म्हणून तिचे वेतन बुडविले नाही, ही गोष्ट आपण सहसा ध्यानात घेत नाही. तिच्या ठिकाणी ममता आणि मोबदला एकत्र नांदले.

दुर्दैवाने आपली सर्वसाधारण रीत धाराऊची नव्हती. पेशवाईच्या दप्तरांत कुणबिणींचे आणि बटकींचे उल्लेख विपुल आहेत. दळण-कांडण, शेणगोठा, वाड्यातील वरकाम हे सारे त्यांच्याकडे असे. त्यांची खरेदी-विक्री होई आणि अन्नवस्त्र हाच त्यांचा मोबदला असे. म्हातारपणी काम होईनासे झाले म्हणजे एखादीला मुक्त केल्याच्या नोंदीही सापडतात. ज्या वयात आधार हवा त्या वयात मिळालेल्या या मुक्ततेला औदार्य म्हणावे की काय, याचा निर्णय वाचकांनीच करावा. कंपनीच्या मुलखात १८४३ च्या पाचव्या कायद्याने गुलामगिरीची कायदेशीर मान्यता गेली. मात्र 'दोन वेळचे जेवण आणि वर्षाला दोन लुगडी' हा हिशेब त्यानंतरही कित्येक घरांत चालू राहिला, कारण तो आता गुलामगिरीच्या नव्हे, तर घरोब्याच्या नावाने चालत होता.

साहेबाच्या घरचे चित्रही याहून उजळ नव्हते. 'आया' हा शब्द पोर्तुगिजांकडून आला. इंग्रज कुटुंबे विलायतेस परतताना बोटीवर मुले सांभाळण्यासाठी आयांना बरोबर नेत आणि तेथे पोचल्यावर काहींना परतीच्या भाड्याशिवाय सोडून देत. अशा निराधार बायकांसाठी लंडनमध्ये एक आयागृह चालत असे. ते १९०० साली ऑल्डगेट भागातून हॅक्नीत गेले. त्या इमारतीवर स्मृतिफलक लागला तो २०२२ साली. समुद्र ओलांडून परक्याचे मूल सुखरूप पोचविणारीला स्वतः घरी परतण्याची हमी नसावी, यातच या पेशाचे मूळ दुखणे आहे. तिचा निवारा आणि तिची नोकरी एकाच उंबरठ्याच्या आत असतात. एक गेली की दुसराही जातो.

स्वतंत्र भारतात या प्रश्नाला तोंड फोडणाऱ्यांत एक मराठी माणूस होता, हे नमूद केले पाहिजे. पां. ना. राजभोज यांनी १९५९ साली राज्यसभेत घरकामगारांच्या सेवाशर्तींविषयी खासगी विधेयक मांडले. ते कायद्यात उतरले नाही. पुढे १९८० मध्ये पुण्याच्या मोलकरणींनी संप केला. वेतनवाढ आणि हक्काची सुटी या त्यांच्या मागण्या होत्या. त्या संपातून संघटना उभी राहिली. परंतु संध्याकाळी आपापल्या वस्तीत परतणाऱ्या बायकाच एकमेकींना भेटू शकत होत्या. मालकाच्याच घरात झोपणारी बाई कोणाला भेटणार आणि कोठे बोलणार? तिचा आवाज म्हणूनच सर्वांत शेवटी ऐकू येतो.

आता आपल्या गोडादऱ्याकडे वळू. लिंबायत, डिंडोली, गोडादरा हा सुरतेचा भाग खानदेशी बोलीने गजबजलेला आहे. जळगाव, धुळे, नंदुरबारहून आलेली ही माणसे यंत्रमागावर आणि कापडबाजारात राबतात. त्यांच्या बायका घरी साड्यांना टिकल्या लावतात किंवा शहरातील सदनिकांत धुणीभांडी करतात. काहीजणी आणि त्यांच्याबरोबर सातपुड्याच्या पायथ्याच्या काही मुली तान्ह्या बाळांसाठी 'चोवीस तासांच्या बाई' म्हणून राहतात. ताप्तीकाठच्या लोहमार्गाने त्या येतात. वाटेतले नवापूर स्थानक अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत आहे. महाराष्ट्राने २००८ मध्ये घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. तो वेतनाचे दर ठरवीत नाही, पण नोंदणी आणि कल्याणाच्या योजना देतो. नवापूरच्या फलाटाचा तो अर्धा भाग ओलांडला की त्या मंडळाची हद्द संपते. बाई तीच, काम तेच, बोलीही तीच. गाडी मात्र पुढे सरकलेली असते.

देशाच्या पातळीवर काहीच झाले नाही, असे नाही. ऑक्टोबर २००६ पासून चौदा वर्षांखालील मुलांना घरकामास ठेवण्यास बंदी आली. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात घरकामगार स्त्रियांचा समावेश झाला. असंघटित कामगारांसाठी २०२१ पासून ई-श्रम नोंदणी सुरू आहे आणि ती राज्याच्या सीमेवर अडत नाही. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घरकामगारांसाठी स्वतंत्र कायद्याचा विचार करण्यास समिती नेमावी, असे केंद्राला सांगितले. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १६ जून २०११ रोजी १८९ क्रमांकाचा करार संमत केला. भारताने त्याच्या बाजूने मत दिले, पण त्यास अद्याप मान्यता दिलेली नाही.

त्या करारातील घरात राहणाऱ्या कामगारांविषयीची कलमे मुळातून विचार करण्याजोगी आहेत. आठवड्यात सलग चोवीस तास विश्रांती असावी. सुटीच्या वेळी तिने घरातच थांबावे, अशी सक्ती नसावी. तिची ओळखपत्रे तिच्याजवळच असावीत. हाक येईल म्हणून जागे राहण्याचा काळ कामात धरावा. या शेवटच्या कलमापाशी आपण क्षणभर थांबावे. बाळ रात्री तीनदा उठते, तेव्हा तीही तीनदा उठते. आपल्या हिशेबाच्या वहीत त्या जागरणाचा रकाना आजवर कधी होता काय?

यावर आपल्याकडचे ठरलेले उत्तर असे, की 'ती तर घरचीच आहे'. हे म्हणणारे लबाड असतात, असे आम्ही म्हणत नाही. बहुधा ते मनापासूनच म्हणतात. लग्नकार्यात तिला लुगडे मिळते, आजारपणात औषध मिळते, तिच्या मुलाच्या फीला हातभारही लागतो. परंतु हे सारे मालकाच्या मर्जीवर असते आणि मर्जी फिरली की त्याची दाद कोठे मागता येत नाही. घरच्या माणसाचा वाटा असतो, चाकराचे वेतन असते. जिला यांपैकी काहीच ठरवून मिळत नाही, तिला घरचे म्हणणे हा केवळ शब्दांचा गोडवा होय.

आपण स्वतः परमुलखात चाकरीसाठी आलेल्यांचे वंशज आहोत. केवळ शब्दावर राहणे किती धोक्याचे असते, हे आपल्या पूर्वजांना ठाऊक होते. म्हणून त्यांनी कागद करून घेतला. तोच कागद आता आपण करून द्यावा. त्यात वेतन, कामाचे तास, आठवड्याची सुटी, आजारपणाची रजा आणि नोकरी सुटताना द्यावयाची मुदत लिहावी. निजण्याची जागा आणि जेवण यांचे पैसे वेतनातून कापू नयेत. त्यासाठी दिल्लीच्या समितीची वाट पाहण्याचे कारण नाही. एक पान पुरते. त्याची एक प्रत तिच्या हाती द्यावी आणि दुसरी आपल्या सनदेशेजारी, त्याच पेटीत ठेवावी.