हॅली धूमकेतू : भूतकालीन व भविष्यकालीन गणित

सूर्याभोवती सु. 76 वर्षांत एक फेरी पुरी करणाऱ्या या धूमकेतूचे पुढील आगमन वर्तविणे आणि त्याची प्राचीन आगमने शोधून काढणे, ही दोन्ही कामे गतीच्या त्याच समीकरणांनी होतात. कालाचे चिन्ह तेवढे उलटते. ग्रहांच्या आकर्षणाने कक्षेत पडणारे फरक पायरीपायरीने काढावे लागतात व प्रारंभीची सूक्ष्म चूक दोन्ही दिशांना वाढत जाते. केवळ गणित पाहिले, तर भूतकाळ भविष्याहून सोपा नाही.

क्लेरो, लालांद व श्रीमती लपोत यांनी अनेक महिने आकडेमोड करून 1758 मध्ये वर्तविले, की धूमकेतू एप्रिल 1759 च्या मध्यास, महिनाभर मागेपुढे, उपसूर्य बिंदूपाशी येईल. तो 13 मार्च रोजी आला. 1910 च्या आगमनाचे कॉवेल व क्रॉमेलिन यांचे गणित पुष्कळच काटेकोर होते, तरी ते सु. तीन दिवसांनी चुकले. दोष आकडेमोडीचा नव्हता. धूमकेतूतून निसटणाऱ्या वायूंच्या प्रतिक्रियेमुळे त्याला दर फेरीस सु. चार दिवस उशीर होतो, हे नंतर उमगले.

मागे जाताना खरी अडचण 837 सालाशी येते. त्या वर्षी धूमकेतू पृथ्वीपासून सु. 50 लक्ष किमी. अंतरावरून गेला व त्याची कक्षा बदलली. त्यामुळे केवळ आधुनिक वेधांवर आधारलेले गणित त्यापलीकडे भरवशाचे राहत नाही. यीओमन्स व कियांग यांनी 1981 मध्ये संगणकाच्या साहाय्याने कक्षा इ. स. पू. 1404 पर्यंत मागे नेली, ती 837, 374 व 141 या वर्षांतील चिनी वेधांशी जुळवून घेऊनच. हे वेध टिपणाऱ्या दरबारी ज्योतिषांना शकुनाशी कर्तव्य होते, कक्षेशी नव्हे. इ. स. पू. 1404 मध्येही पृथ्वीशी अशीच जवळीक झाल्याचे गणित सांगते. तथापि ताळा पाहण्यास तेथे एकही नोंद नसल्याने ते तेथेच थांबले.

इ. स. पू. 164 चे आगमन गणितात होते, पण त्याची निश्चित चिनी नोंद नव्हती. ब्रिटिश म्यूझीयममधील बॅबिलोनियन मृत्तिकापट्टिकांत कृत्तिका व वृषभ यांच्या परिसरात दिसलेल्या एका धूमकेतूचा उल्लेख आहे. तो हाच, असे 1985 मध्ये दाखविण्यात आले.

भविष्याला असा साक्षीदार नाही. 2061 च्या जुलैअखेरचे उपसूर्यगमन बिनधोक सांगता येते. मे 2134 मध्ये मात्र धूमकेतू पृथ्वीपासून दीड कोटी किमी. हून कमी अंतरावरून जाणार असून त्यापुढील फेऱ्यांची अनिश्चितता वाढत जाते.