शिंपजडाव
शिंपजडाव : लाकडी वस्तूंच्या पृष्ठभागावर मोत्यासारखी झळाळी असलेल्या शिंपल्याचे कापीव तुकडे बसवून केलेली नक्षी. सोळाव्या-सतराव्या शतकांत गुजरात हे या कलेचे भारतातील प्रमुख केंद्र होते.

शिंपल्याचे आतील अस्तर कॅल्शियम कार्बोनेटाच्या अतिशय पातळ थरांचे असते. त्यांमुळेच त्यावर विविध रंगछटा दिसतात. प्रथम बाहेरील खडबडीत भाग घासून काढतात व उरलेला पातळ पापुद्रा बारीक करवतीने हव्या त्या आकारात कापून त्याच्या कडा कानशीने साफ करतात. शिंपला वक्र व ठिसूळ असल्याने मोठे सपाट तुकडे मिळत नाहीत. म्हणून नक्षी लहान तुकड्यांतूनच साधावी लागते. गुजरातेत दोन पद्धती रूढ होत्या : एकीत तुकडे काळ्या लाखेच्या लेपात बसवीत, दुसरीत खवल्यांसारखे तुकडे सागवानी पेटीवर पितळी खिळ्यांनी जडवून संपूर्ण पृष्ठभाग झाकीत.

अबुल फज्लने आईन-इ-अकबरीत गुजरातच्या या कामाची प्रशंसा केली आहे. फतेपुर सीक्री येथील शेख सलीम चिश्ती यांच्या कबरीवरील लाकडी छत्रीही शिंपल्यांनी मढविलेली आहे. तथापि ही कला मोगल आश्रयाने जन्मास आली, असे मानता येत नाही. पॅरिसच्या लूव्हर संग्रहालयातील एका गुजराती पेटीवर प्येअर मांगो या फ्रेंच सोनाराने १५३२-३३ मध्ये मौल्यवान धातूचे काम चढविले. अकबराने गुजरात १५७२-७३ मध्ये जिंकला. म्हणजे त्यापूर्वी सु. चाळीस वर्षे, गुजरातच्या सुलतानांच्या अमदानीतच, ही कला यूरोपीय राजदरबारास भूषणावह वाटावी इतकी परिणत झाली होती.