हरकत नाही असा ठराव

वाचकहो, गावात नळाला तीन दिवस पाणी आले नाही म्हणजे आपण काय करतो? शेजाऱ्याला विचारतो. शेजारी पानपट्टीवाल्याला विचारतो. पानपट्टीवाला सांगतो की पाइप फुटला आहे. दुसरा म्हणतो, ठेकेदाराचे बिल थकले आहे. तिसरा आवाज खाली आणून म्हणतो की वरच्या आळीला पाणी वळवले आहे. चौथ्या दिवशी हेच तिसरे कारण सगळ्या गावाला पटलेले असते. या सर्व काळात आपल्या प्रभागाचा मेंबर घरीच असतो, नगरपालिकेची कचेरी उघडी असते आणि तिच्या दाराशी नोटिसांचा फळाही असतो. त्या फळ्यावर गेल्या वर्षीच्या लिलावाची जाहिरात वाऱ्यावर फडफडत असते.

लोकांनी निवडून दिलेल्या माणसाने लोकांना काय सांगावे, किती सांगावे आणि न सांगितल्यास काय होते, याविषयी या स्मरणिकेच्या पानांतून आपल्याशी थोडे बोलावयाचे आहे. विषय रूक्ष वाटेल. परंतु आपल्याच कोकणातील एका लहान शहरात हाच प्रश्न एकदा इतक्या तीव्रतेने उभा राहिला, की त्याची नोंद साऱ्या देशाच्या इतिहासाला घ्यावी लागली. ते शहर म्हणजे महाड. त्याकडे वळण्यापूर्वी थोडी पार्श्वभूमी पाहू.

आपल्या मुलखातील लहान शहरांना नगरपालिका मिळाल्या त्या १८५० च्या कायद्यानंतर. महाडची नगरपालिका १८६६ ची. आरंभीच्या या संस्था लोकांच्या नव्हत्याच. कलेक्टर किंवा त्याचा दुय्यम अधिकारी अध्यक्ष, आणि सरकारने नेमलेली चार प्रतिष्ठित मंडळी सभासद. लोकांशी संबंध यायचा तो दवंडीपुरता. चौकात डफ वाजायचा, कर भरण्याची मुदत सांगितली जायची, आणि डफवाला पुढच्या चौकात जायचा. दवंडीचा गुण असा की निरक्षर माणसालाही ती ऐकू येते. दोष असा की तिला उलट प्रश्न विचारता येत नाही.

१८ मे १८८२ रोजी लॉर्ड रिपनच्या सरकारने स्थानिक स्वराज्याचा प्रसिद्ध ठराव केला. त्यातील एक गोष्ट शिक्षणसंस्थेच्या स्मरणिकेत मुद्दाम सांगण्यासारखी आहे. या संस्थांमुळे कारभार ताबडतोब सुधारेल, असा रिपनचा मुख्य दावा नव्हता. लोकांना सार्वजनिक कामाचे शिक्षण मिळावे हा त्याचा पहिला हेतू होता. म्हणजे नगरपालिका हीसुद्धा एक शाळा मानलेली होती. त्यानंतर १८८४ च्या कायद्याने मुंबई इलाख्यात निवडून आलेल्या सभासदांना अधिक जागा मिळाल्या. मतदार मात्र घरपट्टी भरणारे मूठभर. बाकीचे गाव त्या शाळेच्या खिडकीबाहेर उभे राहिले.

तरीही त्या काळी काही सभासदांनी ही शाळा मनापासून चालवली. जोतीराव फुले १८७६ पासून काही वर्षे पुणे नगरपालिकेचे सभासद होते. १८८० साली व्हाइसरॉयच्या स्वागतासाठी एक हजार रुपये खर्चावेत अशी सूचना आली, तेव्हा बत्तीस सभासदांपैकी एकट्या जोतीरावांनी विरोध केला. हा पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्चावा, असे त्यांचे म्हणणे होते. ठराव अर्थातच मंजूर झाला. पण तो विरोध नोंदला गेला, बाहेर समजला, आणि आज आपण त्याच्याविषयी बोलतो आहोत. स्वागताला काय रोषणाई झाली हे कुणाच्याही स्मरणात नाही. पुढे गोपाळ कृष्ण गोखले याच पुण्याच्या नगरपालिकेचे अध्यक्ष झाले. सभासदांनी कारभाराविषयी प्रश्न विचारावेत आणि अध्यक्षाने त्यांची उत्तरे द्यावीत, हा प्रघात त्यांनी पाडला. सभेचा वृत्तांत छापून प्रसिद्ध करण्याकडेही लक्ष दिले. छापील वृत्तांतात काय एवढे, असे कुणी म्हणेल. परंतु आपला मेंबर सभेत गप्प बसतो की बोलतो, आणि बोलतो तर कुणाच्या बाजूने, हे घरबसल्या कळण्याचा त्या काळी दुसरा मार्ग नव्हता.

आता महाडकडे येऊ.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेली किंवा सरकारने नेमलेल्या संस्थांच्या ताब्यातील पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच शाळा, दवाखाने व कचेऱ्या अस्पृश्यांना खुल्या असाव्यात, असा तो ठराव होता. पुढल्या महिन्यात सरकारने खात्यांना आणि स्थानिक संस्थांना तसे कळवले. महाडला नगरपालिकेच्या ताब्यात चवदार तळे होते. चार-पाच एकरांचे तळे, चहूबाजूंनी नगरपालिकेचा रस्ता आणि रस्त्यापलीकडे बहुतेक सवर्णांची, काही थोडी मुसलमानांची घरे. तळ्यावर सवर्ण पाणी भरत. मुसलमान आणि इतर धर्मीयांना मनाई नव्हती. जनावरेही पाणी पीत. मनाई होती ती फक्त अस्पृश्यांना. बाजारहाटाला किंवा मामलेदार कचेरीत कामाला आलेला महार वा चांभार माणूस तळ्याच्या कडेने तहानलेला जाई.

जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने ठराव केला की, अस्पृश्यांना हे तळे वापरू देण्यास नगरपालिकेची हरकत नाही. नगरपालिकेचे पुढारी सुरेंद्रनाथ टिपणीस, ज्यांना लोक सुरबानाना म्हणत, हे या बाजूचे खंबीर गृहस्थ होते आणि पुढेही खंबीर राहिले. तेव्हा हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण वाचकहो, ठरावातील शब्द पाहा. ‘हरकत नाही.’ आमची हरकत नाही असे म्हणणारा माणूस दार उघडत नाही, फक्त दारापासून बाजूला होतो. घाटावर कुणी जावे, अडवणाऱ्याला कुणी आवरावे, पोलिसांना कुणी कळवावे, याची जबाबदारी त्या दोन शब्दांत कुणावरच येत नाही. परिणाम जो व्हायचा तोच झाला. तीन वर्षे ठराव दप्तरात राहिला आणि तळ्यावर एकही अस्पृश्य माणूस गेला नाही. अशी स्थिती एकट्या महाडचीच नव्हती. म्हणून बोले यांना १९२६ साली कौन्सिलात पुन्हा ठराव आणावा लागला, की ज्या नगरपालिका हे अमलात आणणार नाहीत त्यांचे सरकारी अनुदान रोखावे.

१९ आणि २० मार्च १९२७ या दिवशी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर. जमवाजमवीत दासगावकडचे रामचंद्र बाबाजी मोरे यांच्यासारखे तरुण कार्यकर्ते पुढे होते. खेड्यापाड्यांतून अडीच हजारांच्या वर माणसे आली. आता एक हिशेब ऐका. शहराच्या मधोमध तळे भरलेले असताना, या माणसांना प्यायला पाणी मिळावे म्हणून परिषदेच्या चालकांना चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. तळे खुले करण्याचा ठराव होऊन तोपर्यंत तीन वर्षे लोटली होती. नगरपालिकेच्या ठरावाची किंमत त्या दिवशी उणे चाळीस रुपये होती, असे म्हटल्यास ते खोटे होणार नाही.

दुसऱ्या दिवशी समारोपाच्या वेळी अनंत विनायक चित्रे यांनी सुचवले की, नगरपालिकेने तळे खुले केलेलेच आहे, तर सर्वांनी जाऊन पाणी घ्यावे. माणसे चौघा-चौघांच्या रांगेने शहरातून शांतपणे गेली. बाबासाहेबांनी ओंजळीने पाणी घेतले, मागोमाग इतरांनी घेतले, आणि सर्वजण मंडपात परतले.

यानंतर दोनएक तासांत जे घडले ते आपल्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे. गावात अफवा उठली की, ही मंडळी आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार. असा कुणाचाही बेत नव्हता. पण घंटा वाजवून जमाव गोळा झाला, लाठ्या निघाल्या, आणि मंडपात जेवायला बसलेल्या, परतीच्या वाटेला लागलेल्या निःशस्त्र माणसांवर हल्ला झाला. बायकामुलेही सुटली नाहीत. त्या वेळी कित्येकांना मुसलमानांच्या घरांत आसरा मिळाला, म्हणून ते वाचले.

तीन वर्षांपूर्वीचा खरा ठराव महाडच्या घराघरांत किती पोहोचला होता? आणि दोन तासांपूर्वीची खोटी अफवा किती पोहोचली? माझे मत असे, की नगरपालिकेच्या सभासदांनी ठराव केला, पण तो घेऊन ते आपापल्या आळीत गेले नाहीत. तळे कुणाच्या मालकीचे, कुणाच्या पैशाने त्याची डागडुजी होते, सरकारचा आदेश काय, हे ओट्याओट्यावर बसून सांगण्याचे काम कठीण होते. ते झाले नाही, आणि रिकाम्या जागेत अफवा शिरली. मात्र उगाच भाबडेपणा नको. केवळ नोटीस लावल्याने शेकडो वर्षांचा सोवळेपणा गळून पडला असता, असे मी म्हणत नाही. पुष्कळांना सर्व ठाऊक होते आणि ठाऊक असूनच त्यांनी लाठी उचलली. नंतर गोमूत्र-शेणासह पंचगव्याने भरलेल्या एकशे आठ घागरी तळ्यात ओतून ते ‘शुद्ध’ करून घेणारे लोक काही अजाण नव्हते. परंतु काठावरची, कुंपणावर बसलेली माणसे प्रत्येक गावात असतात. त्यांच्याशी आधी कोण बोलतो यावर गावाचे पुष्कळसे अवलंबून असते.

४ ऑगस्ट १९२७ रोजी नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव रद्द केला. जो ठराव लोकांत रुजवला नव्हता, तो मागे घेताना लोकांना विचारण्याची गरज कुणाला भासली नाही. आणि ज्यांच्या तहानेचा प्रश्न होता त्यांना तर ना करताना विचारले होते, ना मोडताना.

डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला. काही सवर्णांनी दिवाणी दावा लावून तात्पुरता मनाईहुकूम मिळवला. परिषदेसाठी महाडमध्ये कुणी जागा देईना. तेव्हा फत्तेखान नावाच्या स्थानिक मुसलमान गृहस्थाने आपली जमीन दिली. बाबासाहेब व त्यांचे सहकारी ‘पद्मावती’ बोटीने दासगावला उतरले आणि सुमारे पाच मैल चालत महाडला आले. २५ डिसेंबर १९२७ रोजी त्याच जागेवर गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे यांच्या ठरावानुसार मनुस्मृतीचे दहन झाले. न्यायालयाचा हुकूम मोडू नये म्हणून तळ्यावर पाणी घेण्याचा कार्यक्रम मात्र तहकूब ठेवला गेला.

फत्तेखान यांच्याविषयी इतिहासात फार थोडे लिहिलेले आहे. बहुतेक पुस्तकांत त्यांना एक ओळ मिळते. आपल्या शाळांतील मुलांनी महाडचा धडा वाचताना ही ओळ वगळू नये, इतकीच माझी शिक्षकांना विनंती. संपूर्ण शहराचा दबाव एका बाजूला असताना आपल्या मालकीच्या जमिनीवर हजारो बहिष्कृतांना उतरू देणे म्हणजे काय, हे लहान गावात राहणाऱ्याला वेगळे समजावून सांगावे लागत नाही. उद्या दुकानात गिऱ्हाईक येईल का, शेताला मजूर मिळतील का, हे त्याच्या डोळ्यांपुढे असणारच. नगरपालिकेच्या सभागृहात ते बसत होते की नाही याला महत्त्व नाही. ‘हरकत नाही’ या दोन शब्दांना त्यांनी जमीन दिली.

दावा रेंगाळत राहिला. ८ जून १९३१ रोजी खालच्या न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला, आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अपील फेटाळले. न्यायमूर्ती ब्रूमफील्ड यांच्या निकालाचा रोख असा की, अस्पृश्यांना दूर ठेवण्याची अनादि काळापासूनची रूढी वादींना सिद्ध करता आली नाही. ठराव होऊन तोवर तेरा वर्षे झाली होती.

आज परिस्थिती बदलली आहे. स्वातंत्र्यानंतर घरपट्टीचा निकष जाऊन प्रत्येक प्रौढ माणसाला मत मिळाले. १९६५ च्या महाराष्ट्र नगरपरिषद कायद्याने सभा लोकांना खुल्या ठेवल्या आहेत. १९९३ साली अमलात आलेल्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने एक तृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखल्या, आणि आमच्या मोहल्ल्यांतील ज्या भगिनी पूर्वी कचेरीची पायरी चढल्या नव्हत्या त्या सभागृहात बसू लागल्या. २००५ च्या माहिती अधिकाराने दहा रुपयांच्या अर्जावर दप्तर उघडते. तरी एक फट राहिली आहे. खेड्याला ग्रामसभा आहे. तीन लाख व त्याहून अधिक वस्तीच्या शहराला घटनेने प्रभाग समित्या दिल्या. मधल्या लहान शहराच्या वाट्याला घटनेने यांपैकी काहीच दिले नाही. तेथे सारे काही मेंबरच्या मर्जीवर आणि नागरिकाच्या चिकाटीवर चालते.

मी राहतो ते शहर असेच मधले. आमच्या सभागृहात प्रेक्षकांसाठी भिंतीलगत एक लांब बाक आहे. गेल्या खेपेस पाण्याच्या टाकीचा विषय होता म्हणून मी जाऊन बसलो. शिपायाने विचारले, काय काम आहे? मी म्हटले, काही नाही, ऐकायला आलो. तो गोंधळला, आत जाऊन आला, आणि मग त्याने बाकावरची फायलींची चळत उचलून मला बसायला जागा करून दिली. विषय दहा मिनिटांत मंजूर झाला. बाहेर पडल्यावर पानपट्टीवाल्याने विचारले, टाकी कुठे होणार? मी सांगितले. पुढल्या सभेला तोही येतो म्हणाला आहे. तारीख मात्र अजून फळ्यावर लागलेली नाही.