परतीचे टपाल : दूरशिक्षणातील आकलनाच्या परंपरेचा एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

दूरशिक्षणाचा इतिहास बहुधा साधनांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. टपाल, आकाशवाणी, दूरचित्रवाणी, उपग्रह, संगणक आणि आंतरजाल असे त्याचे टप्पे पाडले जातात आणि प्रत्येक नव्या साधनाबरोबर शिक्षण एक पाऊल पुढे गेले, असे गृहीत धरले जाते. या मांडणीत एक मूलभूत प्रश्न मात्र मागे पडतो. शिक्षकापासून दूर बसलेल्या विद्यार्थ्याला विषय समजला होता, की परीक्षेपुरता त्याने तो पाठ केला होता? प्रस्तुत निबंधात याच प्रश्नाच्या अंगाने दूरशिक्षणाच्या काही महत्त्वाच्या प्रयोगांचा विचार केला आहे. विद्यार्थ्याला कोणता प्रश्न विचारला गेला आणि त्याने लिहिलेले उत्तर कोणी वाचून त्याच्याकडे परत पाठवले काय, या दोन गोष्टींवर आकलन प्रामुख्याने अवलंबून राहिले. साधन कोणते होते हे त्या मानाने गौण ठरले, असे प्रतिपादन येथे करावयाचे आहे.

आरंभीच एक खुलासा आवश्यक आहे. पाठांतर ही स्वतः त्याज्य गोष्ट नव्हे. पाढे, श्लोक, व्याकरणाची रूपे मुखोद्गत असणे हे अनेकदा आकलनाला साहाय्यकच ठरते. येथे आक्षेप आहे तो घोकंपट्टीवर, म्हणजे अर्थाकडे पाठ फिरवून केवळ शब्द साठवण्यावर.

दोन उगम : पत्रसंवाद आणि परीक्षा

१० जानेवारी १८४० रोजी ब्रिटनमध्ये अंतराचा विचार न करता एका पेनीत पत्र पोहोचवणारी टपालव्यवस्था सुरू झाली. त्याच वर्षी आयझॅक पिटमन यांनी आपली लघुलेखनपद्धती टपालाने शिकवण्यास प्रारंभ केला. विद्यार्थ्याने बायबलमधील छोटा उतारा लघुलिपीत उतरवून पाठवायचा, तो तपासून, दुरुस्त करून परत पाठवला जायचा, अशी ही साधी रीत होती. तत्पूर्वी १७२८ मध्ये बॉस्टनच्या एका वृत्तपत्रात केलेब फिलिप्स यांनी साप्ताहिक पाठ पाठवून लघुलेखन शिकवण्याची जाहिरात दिली होती. तथापि विद्यार्थ्याचे काम शिक्षकाकडे जाऊन दुरुस्तीसह परत येते, हे चक्र पिटमन यांच्या पद्धतीत स्पष्टपणे दिसते.

दुसरा उगम याहून वेगळा होता. १८३६ मध्ये स्थापन झालेले लंडन विद्यापीठ मुळात परीक्षा घेणारी व पदव्या देणारी संस्था होती. १८५८ च्या सनदेने वैद्यक वगळता बहुतेक परीक्षा कोणत्याही महाविद्यालयात न शिकलेल्या उमेदवारांनाही खुल्या केल्या. हा निर्णय मोठा लोकशाहीवादी होता, यात शंका नाही. जन्म, धर्म किंवा निवासस्थान यांमुळे ज्यांना महाविद्यालयाचे दार बंद होते, त्यांना पदवीचा मार्ग त्यामुळे मोकळा झाला. परंतु विद्यार्थ्याने कसे शिकावे, याची जबाबदारी विद्यापीठाने घेतली नाही. ती पोकळी खासगी संस्थांनी भरली. विल्यम ब्रिग्ज यांचे १८८७ मध्ये स्थापन झालेले युनिव्हर्सिटी करस्पाँडन्स कॉलेज ही त्यांपैकी प्रमुख संस्था. पुढे कादंबरीकार म्हणून ख्यातनाम झालेले एच. जी. वेल्स तेथे जीवशास्त्र शिकवीत आणि त्यांचे जीवशास्त्राचे पाठ्यपुस्तक १८९३ मध्ये याच संस्थेच्या मालेत प्रसिद्ध झाले. अशा संस्थांचे यश उत्तीर्णांच्या संख्येवर मोजले जाई. साहजिकच अध्यापनाची दिशा परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेने ठरत गेली.

या घडामोडींचा आपल्याशी थेट संबंध आहे. १८५७ मध्ये स्थापन झालेली मुंबई, कलकत्ता व मद्रास ही विद्यापीठे त्या काळच्या लंडन विद्यापीठाच्या धर्तीवरच उभी राहिली होती. ती स्वतः न शिकवता संलग्न महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांची परीक्षा घेत. अध्यापनापासून परीक्षा वेगळी काढण्याची ही सवय आपल्या उच्च शिक्षणात खोलवर रुजली. पुढे बहिःस्थ विद्यार्थ्यांची जी व्यवस्था निर्माण झाली, तिच्यात गाईड आणि अपेक्षित प्रश्नसंच यांनाच शिक्षकाचे स्थान मिळाले, हे या वारशाचेच फलित होय.

परीक्षेविना अध्ययन : बॉस्टनमधील प्रयोग

परीक्षेचे दडपण नसेल तर दूरशिक्षण कोणते रूप घेते, याचे उदाहरण १८७३ मध्ये बॉस्टन येथे अ‍ॅना एलियट टिकनॉर यांनी स्थापन केलेल्या संस्थेत आढळते. घरी राहून अध्ययन करू इच्छिणाऱ्या स्त्रियांना प्रोत्साहन देणे हा तिचा हेतू होता. शिकवणाऱ्या व शिकणाऱ्या दोघीही स्त्रियाच असत. संस्थेचे स्वतःचे ग्रंथालय होते आणि पुस्तके टपालाने पाठवली जात. विद्यार्थिनीने वाचलेल्या भागाची टिपणे पुस्तक मिटवून आठवणीतून लिहावीत आणि आपल्या मार्गदर्शिकेला नियमित पत्र पाठवावे, अशी अपेक्षा असे.

वरवर पाहता हेही स्मरणाचेच काम वाटते. पण पुस्तक मिटल्यावर स्वतःच्या शब्दांत लिहिताना जे समजलेले नाही ते लपत नाही, आणि मार्गदर्शिकेचे पत्र नेमके त्या ठिकाणी बोट ठेवू शकते. येथे स्मरणशक्ती आकलन तपासण्यासाठी वापरली गेली. संस्था पदवी देत नव्हती. टिकनॉर यांच्या निधनानंतर १८९७ मध्ये ती बंद झाली. मात्र तोवर हजारो स्त्रियांनी तिचा लाभ घेतला होता. व्यक्तीच्या निष्ठेवर उभी असलेली व्यवस्था त्या व्यक्तीनंतर टिकत नाही, ही तिची मर्यादाही नोंदवली पाहिजे.

ब्रिटनचे मुक्त विद्यापीठ : संवादाची संस्थात्मक रचना

ही निष्ठा व्यवस्थेत कशी उतरवावी, याचे उत्तर ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाने शोधले. हॅरल्ड विल्सन यांनी १९६३ मध्ये ग्लासगो येथील भाषणात ही कल्पना मांडली, तेव्हा तिचे नाव ‘आकाशवाणीचे विद्यापीठ’ अशा आशयाचे होते. जेनी ली यांच्या प्रयत्नांनी ती प्रत्यक्षात आली. १९६९ मध्ये विद्यापीठाला सनद मिळाली आणि जानेवारी १९७१ मध्ये सुमारे २४,००० विद्यार्थ्यांसह अध्यापन सुरू झाले. नाव बदलले हे सूचक आहे. प्रसारण हे विद्यापीठाचे दर्शनी रूप राहिले, तरी अध्ययनाचा मुख्य भार छापील पुस्तके व गृहपाठ यांवर होता.

पहिले कुलगुरू वॉल्टर पेरी यांच्या काळात घडलेल्या तीन गोष्टी प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत. पहिली म्हणजे अभ्यासक्रम एकट्या प्राध्यापकाने न लिहिता विषयतज्ज्ञ, शिक्षणतज्ज्ञ, संपादक व निर्माते यांच्या गटाने लिहिणे. मसुद्यावर गटात टीका होई, त्यामुळे ‘हे विद्यार्थ्याला समजेल का’ हा प्रश्न छपाईपूर्वीच विचारला जाई. दुसरी म्हणजे घरगुती प्रयोगसंच. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना रसायने, उपकरणे आणि मॅकआर्थर यांनी रचलेला छोटा सूक्ष्मदर्शक घरी पाठवला जाई. स्वयंपाकघराच्या ओट्यावर स्वतः केलेल्या निरीक्षणाची नोंद कोणत्याही गाईडमध्ये सापडत नाही. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे शिक्षकाने तपासलेले गृहपाठ. अंशकालीन शिक्षक त्यांवर गुण देत आणि सविस्तर अभिप्रायही लिहीत. शिक्षकाने केलेल्या तपासणीचेही विद्यापीठ निरीक्षण करी. टिकनॉर यांच्या मार्गदर्शिका स्वेच्छेने जे करीत, ते येथे संस्थेच्या कर्तव्यात समाविष्ट झाले.

आकलनाचे सिद्धान्त

याच सुमारास या अनुभवाला सैद्धान्तिक आधार मिळू लागला. स्वीडनमधील हर्मोड्स या पत्रद्वारा शिक्षण देणाऱ्या संस्थेत काम केलेले बोर्ये होल्मबर्ग यांनी छापील पाठ हा लेखक व वाचक यांच्यातील मार्गदर्शित संभाषणासारखा असावा, असे प्रतिपादन केले. मायकेल मूर यांनी दूरशिक्षणातील खरे अंतर मैलांचे नसून संवाद व अभ्यासक्रमाची रचना यांवर अवलंबून असते, अशी मांडणी केली. या दृष्टीने पाहता तीनशे विद्यार्थ्यांच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसलेला विद्यार्थीही दूरस्थच ठरतो.

स्वीडनमधीलच गोथेनबर्ग येथील फेरेन्स मार्टन व रॉजर सेल्यो यांचे १९७६ मधील संशोधन विशेष उल्लेखनीय आहे. विद्यार्थ्यांना लेख वाचायला देऊन नंतर त्यांना प्रश्न विचारण्यात आले. काहींनी मजकूर लक्षात ठेवण्याचा, तर काहींनी लेखकाला काय म्हणायचे आहे हे जाणण्याचा प्रयत्न केला होता. पहिल्या प्रकाराला त्यांनी वरवरचे व दुसऱ्याला सखोल अध्ययन म्हटले. पुढील प्रयोगात प्रत्येक भागानंतर प्रश्न दिले गेले. तपशील विचारणाऱ्या प्रश्नांनी विद्यार्थी वरवरच्या वाचनाकडे वळले. पण सखोल प्रश्न दिलेल्यांपैकीही काहींनी आता सारांश विचारणार एवढेच हेरले आणि तेवढ्यापुरतेच वाचले. चांगला प्रश्नही ठरावीक साचा बनला की निष्प्रभ होतो, हा यातून मिळणारा इशारा दूरशिक्षणासाठी फार मोलाचा आहे.

भारत आणि महाराष्ट्र

भारतात १८५४ पासून समान दराची टपालसेवा उपलब्ध होती. तरीही विद्यापीठीय पदवीसाठी पत्रद्वारा शिक्षण सुरू होण्यास १९६२ साल उजाडावे लागले. डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशींनंतर दिल्ली विद्यापीठाने त्या वर्षी हा उपक्रम हाती घेतला. यावरूनही साधनाची उपलब्धता पुरेशी नसते, हे स्पष्ट होते. पुढे अनेक विद्यापीठांनी पत्रद्वारा अभ्यासक्रम काढले. त्यांत पाठवले जाणारे साहित्य पुष्कळदा वर्गातील व्याख्यानांचे छापील रूप असे.

१९८२ मध्ये आंध्र प्रदेशात देशातील पहिले मुक्त विद्यापीठ, १९८५ मध्ये इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आणि १९८९ मध्ये नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. नाशिकच्या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू डॉ. राम ताकवले होते. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे ब्रीद घेतलेल्या या विद्यापीठाने मराठीतून स्वयं-अध्ययन साहित्य निर्माण केले. शालान्त शिक्षण अपुरे राहिलेल्यांसाठी पूर्वतयारीचा शिक्षणक्रम ठेवला. प्राध्यापकाला ‘समंत्रक’ ही संज्ञा देण्यामागेही शिकवण्याऐवजी शिकण्यास साहाय्य करण्याची भूमिका होती. आपल्या भाषेत वाचता येणे ही आकलनाची पहिली अट होय. ती या साहित्याने मोठ्या प्रमाणात पूर्ण केली.

विद्यापीठांच्या बाहेरही महाराष्ट्रात एक लक्षणीय प्रयोग झाला. गणिताचे प्राध्यापक श्रीपाद दाभोळकर यांनी ‘प्रयोग परिवार’ या नावाने शेतकऱ्यांचे जाळे उभे केले. द्राक्षबागायतदारांनी पानांची संख्या, सूर्यप्रकाश व पाणी यांचा हिशेब आपापल्या बागेत मांडायचा आणि निष्कर्ष एकमेकांना कळवायचे, अशी ही रीत होती. येथे परीक्षा नव्हती, पदवीही नव्हती. चूक झाल्यास ती बागेतच दिसे. अशा अध्ययनात घोकंपट्टीला जागाच उरत नाही.

औपचारिक दूरशिक्षणात मात्र चक्राचा दुसरा अर्धा भाग दुर्बल राहिला. घटकाची उद्दिष्टे, विषय-विवेचन, स्वयं-अध्ययन प्रश्न, सारांश व शेवटी उत्तरे, हा साचा सर्वत्र स्थिर झाला. मार्टन यांच्या प्रयोगातील विद्यार्थ्यांप्रमाणेच आपला विद्यार्थीही साचा ओळखून थेट उत्तरांचे पान उघडतो. तेच ते गृहपाठ पुन्हा विचारले गेले की त्यांची तयार उत्तरे बाजारात मिळू लागतात. तपासणाऱ्यावर शेकडो वह्यांचा भार असेल, तर अभिप्रायाच्या जागी केवळ गुणांचा आकडा येतो. कधी वही परत जातच नाही. ज्याच्यासाठी गृहपाठ होता, ते परतीचे टपालच थांबते.

निष्कर्ष

या आढाव्यातून पुढील बाबी स्पष्ट होतात. दूरशिक्षणात आरंभापासून पत्रसंवादाची व परीक्षेची अशा दोन परंपरा समांतर चालत आल्या. परीक्षेच्या परंपरेने वंचितांना दार उघडून दिले, तर संवादाच्या परंपरेने आत आलेल्याला शिकण्यास साहाय्य केले. पहिलीचे ऋण मान्य करूनही, दुसरीशिवाय ती अपुरी आहे असे म्हणावे लागते. उपग्रहाने १९७५-७६ मध्ये सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणी पोहोचवली. २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘स्वयम्’ने महाविद्यालयीन पाठ भ्रमणध्वनीवर आणले. पोहोच विलक्षण वाढली, परंतु विद्यार्थ्याचे उत्तर कोण वाचणार, हा प्रश्न पिटमन यांच्या काळात होता तसाच आजही आहे. आता तर उत्तर लिहून देणारी यंत्रेही विद्यार्थ्याच्या हाती आली आहेत. अशा वेळी प्रश्न त्याच्या स्वतःच्या गावाशी, कामाशी व निरीक्षणाशी जोडलेले असणे आणि त्याच्या उत्तराला माणसाचा अभिप्राय मिळणे यांचे महत्त्व वाढले आहे.

दूरशिक्षणाचा विद्यार्थी बहुधा दिवसभर काम करून रात्री पुस्तक उघडणारा, शिक्षणाची संधी एकदा हुकलेला असतो. त्याला पदवी देऊन आकलनापासून वंचित ठेवणे म्हणजे तीच संधी दुसऱ्यांदा हिरावून घेणे होय. म्हणून अभिप्राय लिहिणाऱ्या समंत्रकाच्या वेळेवर होणारा खर्च हा दूरशिक्षणाच्या अंदाजपत्रकात अग्रक्रमाचा मानला जावा, एवढे या इतिहासावरून निश्चितपणे म्हणता येते.