हाली रुपयाची पारख : झीज, ठसा आणि बट्टा

नांदेड-लातूरकडच्या जुन्या घरांत, देव्हाऱ्यातील डबीत किंवा लक्ष्मीपूजनाच्या ताटात, चारमिनार कोरलेला चांदीचा रुपया आजही सापडतो. सराफाकडे नेला की तो तागडीत पडतो आणि चांदीच्या भावाने मोडला जातो. संग्राहकाकडे नेला, तर त्याच रुपयाचे मोल कधी भावाच्या कितीतरी पट ठरते, कधी जेमतेम भावाइतके. हा फरक कशाने पडतो, त्याविषयी हा धागा.

प्रथम नाण्याची ओळख. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता आणि येथे निजामाचा ‘हाली सिक्का’ चाले. हाली म्हणजे चालू काळातला, चलनी. इंग्रजी मुलखातला रुपया तो ‘कलदार’, म्हणजे यंत्रावर पाडलेला. कलदाराचे वजन ११.६६ ग्रॅम आणि त्यात चांदी ९१.७ टक्के, हालीचे वजन ११.१८ ग्रॅम आणि चांदी ८१.८ टक्के. गुणाकार करून पाहा: एकात सुमारे १०.६९ ग्रॅम शुद्ध चांदी, दुसऱ्यात ९.१४. म्हणूनच सात हाली म्हणजे सहा कलदार, असा हिशेब बसला. १९५० साली भारतीय रुपया संस्थानात आला तेव्हाही अदलाबदल याच प्रमाणात झाली. लातूरचा व्यापारी मालासह इंग्रजी हद्दीतल्या बार्शीला उतरला की रुपयामागे हा बट्टा त्याला सोसावा लागे. ‘नावाला बट्टा लागणे’ आणि ‘बंदा रुपया’ हे शब्दप्रयोग सराफी व्यवहारातूनच आपल्या बोलण्यात आले आहेत.

सराफाची पारख धातूची होती. तो रुपया दगडी फरशीवर टाकून नाद ऐके, तोलून पाही, शंका आली तर कडेला छिन्नी लावी. संग्राहकाची पारख पृष्ठभागाची असते. अमेरिकेत विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये तेथील जुन्या तांब्याच्या सेंटांसाठी १ ते ७० अशी श्रेणी मांडली. पुढे तीच श्रेणी चांदीच्या डॉलरला आणि हळूहळू जगभरच्या नाण्यांना लावली गेली. १९८० च्या दशकात पीसीजीएस आणि एनजीसी या संस्था निघाल्या. त्या नाणे तपासून पारदर्शक डबीत कायमचे बंद करतात. आपल्याकडे नाण्यांच्या प्रदर्शनांत ‘फाइन’, ‘व्हेरी फाइन’, ‘एक्स्ट्रा फाइन’ आणि ‘यूएनसी’, म्हणजे व्यवहारात न फिरलेले, एवढे शब्द पुरतात.

आता चारमिनारचा रुपया हातात घ्या. कडेने धरा, बोटांचा घाम पृष्ठभागावर डाग पाडतो. यंत्रावर पाडलेली ही नाणी हिजरी १३२१ च्या सुमारास, म्हणजे १९०३-०४ मध्ये, महबूब अली खान यांच्या काळी सुरू झाली. इमारतीच्या माथ्यावर ९२ हा आकडा आहे. अबजद पद्धतीने ‘मुहम्मद’ या नावातील अक्षरांची ती बेरीज. मधल्या कमानीत राज्यकर्त्याचे आद्याक्षर असते: महबूब यांचे ‘मीम’, १९११ पासून उस्मान अली खान यांचे ‘ऐन’. उस्मान अलींच्या अगदी पहिल्या नाण्यांवर हे ‘ऐन’ अपुरे आहे, नंतरच्यांवर पूर्ण. संग्राहक हे दोन वेगळे प्रकार मानतात. त्यामुळे कमान झिजली असेल, तर श्रेणी तर उतरतेच, शिवाय प्रकार ओळखण्याची एक खूणही जाते.

झीज नेहमी उंचवट्यावर प्रथम येते. म्हणून मिनारांवरील बारीक रेषा आणि अक्षरांचे माथे भिंगातून पाहावेत. येथे नवशिके हमखास फसतात, कारण ठसा मुळातच कच्चा उठलेला असला तरी तपशील पुसटच दिसतो. ओळखण्याची रीत अशी: झिजलेली जागा गुळगुळीत, सपाट असते आणि आजूबाजूचे उंचवटेही तसेच दबलेले असतात. कच्च्या ठशाच्या जागी मात्र धातूची मूळ तकाकी टिकून राहते आणि शेजारची अक्षरे धारदार असू शकतात. चारमिनारपूर्वीच्या, हातोड्याने ठोकलेल्या हाली रुपयांत तर ठसा चकतीहून मोठा असे. त्यांवर अर्धा मजकूर नसणे ही झीज नाहीच. तो कधी उमटलेलाच नव्हता.

सर्वांत मोठी हानी मात्र व्यवहारात होत नाही, घरात होते. दिवाळीला चिंच, राख, रांगोळी, हल्ली टूथपेस्ट घेऊन रुपया घासला जातो. चांदीवर वर्षानुवर्षांत चढलेला काळपट-तपकिरी थर त्याबरोबर निघतोच, पण टांकसाळीतून आलेली मूळ झळाळीही जाते. अशा नाण्यावर उजेड तिरपा पाडला की एकाच दिशेचे केसाएवढे ओरखडे दिसतात. नाणे चकचकीत दिसते आणि श्रेणी हरवून बसते. विकायचे असो वा नसो, जुने नाणे घासू नका. श्रद्धेने घासणाऱ्या आजीला हे कसे सांगायचे, ते ज्याचे त्याने ठरवावे!

मोडीत घालण्यापूर्वी साल वाचणेही आवश्यक आहे. दुसऱ्या महायुद्धात चांदी महागली. इंग्रज सरकारने १९४० मध्ये आपल्या रुपयातील चांदी निम्म्यावर आणली. हैदराबादेत हिजरी १३६१ पासून, म्हणजे १९४२ पासून, तसेच झाले. वजन तेच ११.१८ ग्रॅम, चारमिनारही तोच, पण शुद्ध चांदी ९.१४ ऐवजी सुमारे ५.५९ ग्रॅम. काटा दोन्ही रुपयांना सारखेच तोलतो. वेगळे बोलते ते साल.

राहिले माळेतले रुपये. लमाणी स्त्रियांच्या गळ्यात आणि पोशाखात ही नाणी पिढ्यान्‌पिढ्या आहेत. त्यांवर कडी झाळलेली असते किंवा भोक पाडलेले असते, म्हणून बाजारात त्यांना श्रेणी मिळत नाही. ‘खराब’ या एका शब्दात ती बाजूला टाकली जातात. माझ्या मते इतिहासाच्या विद्यार्थ्याने अगोदर हीच पाहावीत. त्यांची एक बाजू अंगाला आणि कापडाला घासून सपाट झालेली असते, तर कडीमुळे झाकलेल्या कोपऱ्यात एखादे अक्षर ताजेतवाने राहते. डबीतला ‘यूएनसी’ रुपया फार तर टांकसाळीचे कौशल्य दाखवतो. या रुपयावरून, तो चलनातून कधी निघाला आणि किती काळ कोणाच्या अंगावर राहिला, याचा अंदाज बांधता येतो. माळेतील सर्वांत अलीकडचे साल वाचा. माळ त्यापूर्वी पूर्ण झालेली असू शकत नाही.